विलायती मेंदीची फांदी

गिरीज गावातल्या आमच्या वाडीत, बावखलाच्या, म्हणजे आमच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठावर, विलायती मेंदीचं झुडूप होतं. हिने हात रंगत नाहीत. पण पान चुरगळलं की असा वास सुटतो की बोटं नाकापासून हलतच नाहीत. फुलं पांढरी, मधे केसरांचा झुबका. शेजारच्या ख्रिस्ती काकू सांगायच्या, परदेशात नवरीच्या डोक्यावर हिचाच मुकुट घालतात आणि इथे ती फिरंग्यांनी आणली. खरंखोटं देव जाणे! आमच्याकडची रीत वेगळीच होती. लग्न झालं की मुलीने हिची फांदी सासरी नेऊन लावायची आणि तिला नवं पान फुटेपर्यंत माहेरी पाऊल टाकायचं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता माझं लग्न झालं, सासर विरारच्या फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत डालड्याच्या डब्यात मी फांदी खोचली. पाणी टँकरचं, तेही मोजकंच.

"अगं, काठीला कसलं पाणी घालतेस?" सासूबाई म्हणायच्या. त्या देशावरच्या, त्यांना ही भानगड काय कळणार!

गिरीज काही लांब नाही हो, तेच तर छळायचं. आईची आठवण आली की जीव नुसता वर-खाली व्हायचा. पोळी तव्यावर टाकून मी गॅलरीत पळायची, माती उकरून मुळं फुटली का बघायची, पुन्हा दाबायची.

"तिला सुखाने जगू दे की जरा," नवरा म्हणायचा.

व्हायचं तेच झालं, फांदी वाळली. आता दुसरी आणायची तर माहेरी जायला हवं, आणि तिथेच जायची बंदी! मी खाली बूथवर जाऊन आईला फोन केला. "वाळली गं," एवढंच बोलले आणि रडायलाच लागले. आईने लगेच फोन ठेवला. मला वाटलं, रागावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी. घामाघूम. पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळलेलं रोप काढलं, मुळांसकट, शेंड्याला कोवळी पानं. माझी काठी उपटून तिने गॅलरीबाहेर फेकली आणि रोप डब्यात लावलं.

"आई, हे चालतं?"

"माझी पन वाळली होती," ती माती दाबत म्हणाली. "तुझ्या आजीनं, माझ्या सासूनं, गुपचूप दुसरी लावली नि मला म्हनाली, फुटली बघ, जा माहेरी. तुझ्या सासूला हे कोन सांगनार? म्हनून मीच आले. चल, चपला घाल."