पाहुण्यासाठी चांगली माती

जिंतूरच्या वाटेवरच्या बंद दगडखाणीत कोणीतरी जुन्या बॅटऱ्या जाळून त्यांची राख टाकली होती. मातीत शिसं किती उतरलंय ते परभणीच्या प्रयोगशाळेत तपासायला मी नमुने घेत होतो. शेळ्या राखणारा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून माझं काम बघत होता. जेवायला झाडाखाली जाताना मी पिशव्या त्याच्याच राखणीला ठेवल्या.

परत आलो तर एका पिशवीत काळीभोर, चाळल्यासारखी माती.

"हे काय केलं, बाबा?"

"तुमची लय खराब होती. माझ्या शेताच्या धुऱ्यावरची भरली," तो मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला. "गावाची माती परभणीला जायलीय, चांगली जाऊ द्या की."

खराब मातीच तपासायची असते, शिसं शेळ्यांच्या दुधातही उतरतं, हे मी समजावलं. त्याचं हसू गेलं.

"मंग आधी सांगायचं न्हाई का?" म्हणत त्यानं मला खाणीमागच्या खड्ड्यापाशी नेलं. राख वाहून येऊन साचलेला तो खड्डा गावकरी पाहुण्यांना दाखवत नसत. त्याच्या शेळ्या तिथंच पाणी प्यायच्या.

त्याची माती मी फेकली नाही. ताडून बघायला चांगल्या मातीचाही एक नमुना लागतोच.

सगळ्यात जास्त शिसं त्या खड्ड्यातच निघालं. सांगायला गेलो, तर त्यानं खड्ड्याला कधीच बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं.

"अन् म्या भरलेली माती?"

"एकदम स्वच्छ."

"मंग ती पयली लिवा."

नियमात बसत नव्हतं. पण अहवालात ती पहिल्या ओळीत आहे.