टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं आणि ह्यांचं सरकारी खातंही तिकडे निघालं. भांडी, बिछाने, पुस्तकं मी ट्रंकांत भरून रेल्वेने आधीच पाठवली होती, प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवून. राहिल्या होत्या सासूबाई.

त्यांचं मांडीचं हाड मोडलेलं. त्या दिवसांत रेल्वेला जी झुंबड होती, तिच्यात त्यांना चढवणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मोटरीच्या मागच्या सीटवर आडवं निजवून न्या. मोटर आमच्याकडे होती, एका सरदारांनी काढून टाकलेली. ती चालली तर सगळे बरोबर जाणार. नाही चालली तर हे मुलांना घेऊन पुढे होणार आणि मी सासूबाईंपाशी इथेच, आमच्या लष्कर नावाच्या पेठेत, मागे राहणार. किती महिने, ते कुणीच सांगत नव्हतं.

आणि नेमकी निघायच्या आठवड्यात ती अडून बसली. घरून निघायची ती झोकात, नई सडक गाठेपर्यंत आचके देऊन बंद पडायची. मग हे उतरून टाकीचं झाकण काढायचे आणि आत काठी बुडवायचे, कारण पेट्रोल दाखवणारा काटा कधीच मेला होता. पेट्रोल भरपूर असायचं. झाकण लावून हँडल मारलं की सुरू. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच.

पडाव भागातल्या मोटर-मिस्त्रीने बॉनेट उघडून क्षणात निकाल दिला. "नली में भाप फँस रही है, साहब. और ये काँटा भी बदलवा लो."

"हाँ हाँ, भाप ही होगी," हे म्हणाले आणि मग मला मराठीत समजावू लागले, जणू शोध त्यांचाच. उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ वाट अडवते. उपाय काय, तर नळीवर ओलं फडकं.

नवा काटा बसला, छान हलायला लागला. मोटर बंद पडतच राहिली. फरक एवढाच की आता बंद पडली की हे नळीवर पाणी ओतायचे आणि शिवाय काठीही बुडवायचे, कारण नव्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मोटर सुरू झाली की म्हणायचे, "बघ, फडक्याचा गुण."

"गुण आहे तर पुन्हा बंद का पडते?"

"फडकं वाळतं."

माझी जुनी तीन लुगडी फडक्यांत गेली.

शेवटी महाराज बाड्यावर, भर बाजारात, ती उभी राहिली. मागच्या टांगेवाल्याने हाळी दिली, "बाबूजी, हमारा घोड़ा जोत लो आगे!" लोक हसले. हे तांब्या घेऊन पुढे धावले. मी त्यांचा हात धरला.

"थांबा. पाणी नाही, काठी नाही. नुसतं हँडल मारा."

हँडल मारून मारून हे घामाघूम झाले. मोटर ढिम्म.

"आता पाणी ओता. फक्त पाणी."

"अगं, लोक बघताहेत."

"बघू द्या."

पाणी ओतलं. ढिम्मच. मग मी मागे गेले आणि झाकण स्वतःच्या हाताने फिरवलं. आत फुस्स करून हवा ओढली गेली. "आता मारा." पहिल्या झटक्याला मोटर सुरू.

झाकण पालथं करून पाहिलं. मधोमध बारीक भोक असतं, पेट्रोल खाली जाईल तशी आत हवा यायला; हवा अडली की पेट्रोलही अडतं. ते दिसेना, म्हणून वरून पाहिलं. वर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड, वाळून दगड झालेला थर.

"हे काय?"

"खंडेनवमीची पूजा," हे पुटपुटले. "कुंकू वाऱ्याने उडतं, म्हणून यंदा शेंदूर लावला."

तलवार, दौत, मोटर, सगळ्यांची पूजा खंडेनवमीला हेच करायचे. भटपणाचं घराणं, कसर कुठे सोडायची नाही. नंतर बांधाबांधीत मोटर बाहेर काढलीच नव्हती, त्यामुळे दोन्ही गोष्टींचा संबंध कुणाला लागला नाही. मी केसातला आकडा काढला, तर हे आडवे आले.

"असं खरवडायचं नाही. दिवाळीपर्यंत राहू द्यावा."

"दिवाळी मी इथे एकटीने करू का?"

तसेच, झाकण हातात धरून, घरी आलो. निकाल सासूबाईंकडे गेला. त्यांनी खाटेवरूनच झाकण फिरवून पाहिलं.

"मोटरीचं नाक बुजवलंस आणि आठवडाभर डोकं माझं खाल्लंस," त्या लेकाला म्हणाल्या. "दे गं सूनबाई तो आकडा." आणि हात जोडून, दोन शब्द पुटपुटून, भोक त्यांनीच मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांना मागे निजवून निघालो. हे दर थोड्या वेळाने मोटर थांबवून झाकण बघायला उतरू पाहत आणि मी "चला" म्हणत असे. शिवपुरीच्या अलीकडे, मोटर एकदाही न अडखळता चालली असताना, सासूबाईंनी विचारलं, "परत यायलाही हीच मोटर का रे?"

परत यायचं नव्हतंच, पण ते त्यांना कुणी सांगायचं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, आधी पोचू तर द्या."