चिकाची वाटी

माझी पत्नी मार्गशीर्षात गेली. वैशाखात लेक पहिल्या बाळंतपणासाठी चाकणला माहेरी आली, तेव्हा घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. गावाकडून थोरल्या वहिनी येऊन राहिल्या. त्यांच्या दारात आजही चार म्हशी आहेत. मी आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढलेलं. बाळंतपणातलं मला काही कळत नव्हतं.

नात दोन महिने आधीच जन्मली. इथल्या लहान दवाखान्यात तिची सोय नव्हती. जावई तिला रुग्णवाहिकेतून चिंचवडच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. सिझर झालेली लेक इथेच राहिली. संध्याकाळी तिथल्या डॉक्टर बाईंचा फोन आला. बाळाचं आतडं कच्चं आहे, दूध पचेल की नाही हाच प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या. आईचं पहिलं दूध, थेंबभर असलं तरी, बर्फात ठेवून पाठवा. ते नुसतं अन्न नसतं. त्यातून आईची संप्रेरकं बाळाच्या पोटात जातात आणि आतड्याच्या अस्तराला वाढायला, घट्ट व्हायला मदत करतात. पावडरच्या दुधाला ते जमत नाही.

फोन ठेवून लेकीच्या खोलीत आलो तर वहिनींच्या हातात वाटी होती. तळाशी पिवळसर, चिकट दूध. आमच्या घरातली रीतच तशी: पहिले तीन दिवस बाईचं दूध जड, म्हणून पिळून टाकायचं आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचं.

तीस वर्षांपूर्वी, लेक जन्मली तेव्हा, अशीच वाटी मी स्वतः परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतली होती. तेव्हा पत्नीने विचारलं होतं, "तिला खरंच नाही का चालणार?" मोठ्यांना कळतं, असं मी म्हणालो होतो. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी शोधलं नाही.

या वेळी मी वाटीवर हात धरला आणि डॉक्टर बाईंचं म्हणणं सांगितलं. वहिनींना पटेना. मूठभर जिवाच्या पोटात असलं घट्ट गेलं आणि पोट फुगलं तर कोण निस्तरणार, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकं वाचून लेकरं वाढत नसतात, हा टोमणाही आला. मी पुन्हा संप्रेरकांवर येऊ लागलो आणि मध्येच थांबलो.

"वहिनी, म्हैस व्याली की चीक आधी कुणाला?"

"रेडकाला. त्याला न्हाई मिळाला तर हगवण लागून जातंय. उरला तर खरवस."

बोलता बोलता त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग लेकीशेजारी बसत म्हणाल्या, "भावजी, बर्फ आणा. रेडकाचं कळतंय आन् लेकराचं न्हाई. येडीच हाय मी."

नर्सने उकळलेली वाटी आणि छोट्या सिरिंजा दिल्या. पुढचं दूध त्यांत गेलं, आणि सिरिंजा बर्फाच्या थर्मासात. रोज सकाळी मी रात्रपाळीच्या कामगारांना चिंचवडला सोडणाऱ्या कंपनीच्या बसमधून निघे. चालक आमचा शेजारी. "काका, तुमची कुठली शिफ्ट?" एकाने विचारलं. मी थर्मास दाखवला. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या ट्रकांनी चौक अडवला, तेव्हा त्याच पेंगुळलेल्या माणसांनी खाली उतरून बसला वाट काढून दिली.

नातीला नळीतून एकेक मिलिलीटर दूध देत. पुढचं देण्याआधी तिथली नर्स पोटात न पचता उरलेलं दूध नळीतून सिरिंजने ओढून बघे. पहिले दोन दिवस थोडं तसंच परत यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सिरिंज रिकामी आली. नर्सने ती उजेडाकडे धरली, जावयांना दाखवली, मला दाखवली. आम्ही दोघे त्या रिकाम्या सिरिंजेकडे बक्षिसाकडे बघावं तसे बघत होतो.

पाचव्या दिवशी नर्सने मला काचेपाशी बोलावून लंगोट उघडून दाखवला. काळी शी संपून पिवळी सुरू झाली होती. दूध पचत होतं. मी तिथूनच वहिनींना कळवलं. त्यांनी दवाखानाभर साखर वाटली आणि कोण बाळंत झालं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "नात हागली, म्हून साखर."

उरलेली साखर मी घरी पत्नीच्या फोटोपुढे ठेवली. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली. चालतं. तेच चालतं.