लालवर लाल बसत नाही

एका खात्यात वीस वर्षं काढली की माणसाकडं पराक्रमाच्या गोष्टी फारशा उरत नाहीत, फजितीच्या मात्र ढिगानं साठतात. नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर मी सांभाळतो. मागं एकदा जेवणाच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर फ्रीसेल नावाचा पत्त्यांचा डाव शिकलो. त्याचेच हे किस्से. सगळ्यांत मूर्ख मीच आहे, आधीच सांगतो!

*

शिकवणारे आमच्या डिस्पॅचचे शेखभाई, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी स्क्रीनवर बावन्न पत्ते उघडे मांडून दाखवले. मी खुर्ची ओढली आणि विचारलं, "दुसरा भिडू कोण?"

"कुनी न्हाई. एकट्यानं खेळायचं."

"मग हरवायचं कुणाला?"

शेखभाईंनी मला नीट न्याहाळलं. "तुमाला. लई अवघड न्हाई जायचं!"

*

नियम साधा. लालवर काळा, काळ्यावर लाल, आणि पत्ता एकानं उतरता. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बदामाची नव्वी चौकटच्या दश्शीवर ठेवत होतो. ठेवली की परत जागेवर! दहा वेळा केलं. मग आयटीला तक्रार टाकली, 'माऊस खराब. काम खोळंबलंय. अर्जंट.'

आयटीची मेघा पलीकडच्या बिल्डिंगमधून भर उन्हात नवा माऊस घेऊन आली. वाकून स्क्रीन पाहिला.

"सर, माऊस चांगलाय. लालवर लाल बसत नाही."

अख्खं ऑफिस हसलं. मला इतकी लाज वाटली, की 'माऊस बदलला' असा शेरा मारून मी सही करून टाकली!

*

या डावात वर कोपऱ्यात चार रिकामे खण असतात, अडणारा पत्ता तात्पुरता ठेवायला. मी पहिल्या चार चालींतच चारही भरले. कसं आवरल्यासारखं वाटलं! पुढं एक पत्ता हलेना.

"अहो देशपांडे," शेखभाई म्हणाले, "ते खण भरायला न्हाईत, मोकळे ठेवायला हायेत! स्टोअरकीपर ना तुमी?"

एवढं बोलून त्यांनी माझ्या मागं पाहिलं. मीही वळलो. दोन रॅकमधल्या वाटेत मीच रचलेली खोकी होती, आणि अलीकडं ट्रॉली घेऊन एक बाई केव्हाची उभी होती.

*

पुढं मी सलग एकोणीस डाव जिंकलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो. शेखभाई चहा घेऊन शेजारी येऊन बसले. डाव सुटला. मी ऐटीत त्यांच्याकडं पाहिलं.

"उजव्या हातानं माऊस. डाव्या हातानं काय चाललं होतं?"

"चुकली चाल की मागं घेतो. कीबोर्डवर सोय आहे तशी."

"एकेचाळीस वेळा घेतली." ते मोजत बसले होते! "ह्याला जिंकनं म्हनत न्हाईत, देशपांडे. ह्याला पत्त्यांचं मन वळवनं म्हनतात!"

त्यानंतर चाल मागं घेणं सोडलं. पाच-सहा चाली पुढचं दिसायला लागलं. आणि डाव जेवणाच्या सुट्टीबाहेरही चालू झाला.

*

आता हा शेवटचा. हा मी ऑफिसात कुणाला सांगितलेला नाही.

सकाळी अकराची वेळ. डाव अगदी अडला होता. भट्टीवर काम करणारा बबन खिडकीशी आला. पारनेरकडचा, मोजकं बोलणारा माणूस.

"सायेब, हातमोजे फाटलेत. नवे द्या."

हातमोज्यांची नोंद कॉम्प्युटरवर करावी लागते. त्यासाठी डाव बंद करावा लागला असता. मी मान वर न करता म्हणालो, "सर्व्हर डाऊन आहे. थांब जरा."

"व्हय," म्हणाला, आणि थांबला.

मी पत्ते बघत राहिलो. एक हलवला की दुसरा अडत होता. वीसेक मिनिटं गेली असतील. माझ्या पाठीमागं काचेचं कपाट आहे, आणि त्या काचेत माझा स्क्रीन लख्ख दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सायेब," बबन हळूच म्हणाला, "ती काळी नव्वी आदी उचला. तिच्याखाली एक्का हाय."

मी उठलो, कपाटातून हातमोज्यांचा जोड काढला आणि खिडकीतून पुढं केला.

त्यानं तो डाव्या हातानं घेतला. उजव्याला ओली चिंधी गुंडाळलेली होती.