ईश्वरचं सहावं सत्र

नूतन पुरुषोत्तमनगरची. वडील साखर कारखान्यात होते, त्यामुळे कॉलनीतल्या क्वार्टरमध्येच ती लहानाची मोठी झाली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि शहाद्याकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. पगार चार-चार महिने रखडायचा, पण मुलांमध्ये तिचं नाव पहिल्या महिन्यातच झालं. कारण एकच. सीजीपीएचं त्रांगडं तिच्याइतकं सोपं करून कोणी सांगत नसे. एवढे पॉइंट पडलेत, एवढे हवेत, मग पुढच्या सत्रात किती मिळवायचे, हे ती खडूने फळ्यावर मांडून दाखवायची आणि पोरांच्या जिवात जीव यायचा.

डोंगरसिंग पहिल्यांदा आला तो भर श्रावणातल्या दुपारी. स्टाफरूमच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. काटक म्हातारा, डोक्याला फडकं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेल्या चार मार्कशीट.

"मॅडम, मन्हा पोर्‍याले आते कितला लागतीन?"

घरी पावरी बोलणारा हा माणूस बाजाराची अहिराणी बोलत होता. नूतनचीही घरची भाषा तीच. तिने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. मुलाचं नाव ईश्वर, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. नाशिकच्या ज्या कॉलेजात त्याला एम.एस्सी. करायची होती, तिथे सातच्या खाली घेत नव्हते. सहा पॉइंट दोन, साडेसहा, सहा पॉइंट आठ, सात पॉइंट एक. पोरगं प्रत्येक सत्रात एकेक पायरी चढत आलं होतं. नूतनने बेरीज केली आणि सांगितलं, "उरलेल्या दोन्ही सत्रांत सात पॉइंट सात पडले तर सात होतात, बाबा. अवघड आहे, पण होईल. तो स्वतः का नाही आला?"

"तो येस ना," म्हातारा म्हणाला. "मन्हा संगे येस."

तिला वाटलं, पोरगं फाटकाबाहेर थांबलं असेल. शेवटच्या वर्षाची निम्मी मुलं तिने वर्गात कधी पाहिलीच नव्हती. कोणी उसाला, कोणी सुरतेला, परीक्षेपुरती उगवायची. त्यांतलाच हा एक, असं धरून ती तासाला निघून गेली.

पाचव्या सत्राचा निकाल लागल्यावर जानेवारीत म्हातारा परत आला. बाकावर बसला तो अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. नूतनने मार्कशीट मागितली.

"ती त्याना जवळ शे. साडेसात पडनात."

साडेसात! नूतनला मनापासून आनंद झाला. सहाव्या सत्रात सात पॉइंट नऊ लागतील, असं तिने हिशोब करून सांगितलं. म्हातार्‍याने मान बाजूला वळवली, त्या रिकाम्या जागेकडे बघून पावरीत काहीतरी हळू बोलला, थोडा थांबला, आणि मान डोलावली. जणू कोणी उत्तर दिलं होतं आणि ते त्याला पटलं होतं.

ऊन लख्ख होतं, मैदानात पोरं व्हॉलीबॉल खेळत होती, आणि तिला त्या बाकापासून दूर व्हावंसं वाटलं.

दुसर्‍या दिवशी तिने वर्गातल्या रिनाला विचारलं. रिना डोंगरसिंगच्याच पाड्यावरची, धडगावकडची.

"ईश्वरदादा?" रिनाचा चेहरा उतरला. "मॅडम, तो तर मागच्या मे महिन्यात गेला. सुट्टीत सुरतेला बांधकामावर गेला होता. सेंटरिंग कोसळलं."

"मग त्याचे वडील..."

"डोंगरसिंगबाबा मानतच नाहीत. गावात दगड उभा करायचा असतो ना मेलेल्या माणसाचा, तोही करू देत नाहीत. म्हणतात, पोराची परीक्षा राहिलीय."

नूतनला घास गोड लागेना. आपण एका मेलेल्या मुलाचे पॉइंट काढून दिले, वर त्याच्या बापाला आशा लावली. हे आपणच जाऊन निस्तरलं पाहिजे, असं तिने ठरवलं आणि मार्चमध्ये एका रविवारी रिनाबरोबर धडगावच्या जीपमध्ये बसली. घाटात मोह फुलला होता. पाड्यावर पोचल्या तेव्हा दुपार तापली होती आणि माणसं सावलीला आडवी झाली होती.

दारात ईश्वरची आई, कमलीबाई, भेटली. तिने पाणी दिलं आणि नूतनचा हात धरून खालच्या आवाजात पावरीत बोलली. रिनाने मराठीत सांगितलं, "म्हणते, मी पोराला मातीत घातलं, माझ्या हातांनी घातलं. पण दुपारी हा ओसरीवर बसतो तेव्हा मी घरात थांबत नाही. तिथे दोघं बोलतात."

ओसरीवर डोंगरसिंग जमिनीवर बसला होता. समोर खाट, तिच्यावर गोधडी नीट अंथरलेली, वर कोणी नाही. नूतनला बघून तो हसला आणि खाटेकडे वळून म्हणाला, "मॅडम उन्यात."

नूतनने घसा खाकरला. सगळं पाठ करून आली होती. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. ईश्वर..."

"थांबा," म्हातार्‍याने हात वर केला. कान खाटेकडे लावला. मग तो जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तो सांगस, तुमनं गणित चुकनं. दोन्ही सत्र सारखा नहीत. पाचव्याले वीस क्रेडिट, सहाव्याले चोवीस. प्रोजेक्ट शे ना. इतला लागत नहीत."

म्हातार्‍याला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायचा. नूतनने रिनाकडे पाहिलं. रिना घाबरून मागे सरकली होती. "मला नाही माहीत मॅडम, शप्पथ. मी कुठे क्रेडिट बघते?"

नूतनने मोबाईलवर अभ्यासक्रमाची फाईल उघडली. ती स्वतः कॉलेजात त्याच वर्षी लागलेली, सहाव्या सत्राला तिचा एकही विषय नव्हता. सगळी सत्रं बावीस क्रेडिटची धरून तिने सरळ सरासरी काढली होती. फाईलमध्ये पाचव्या सत्राला वीस होते. सहाव्याला चोवीस. तिने पुन्हा गुणाकार केले. सात पॉइंट नऊ नव्हे, सात पॉइंट आठ सात.

पोरगं जिवंत असताना कधीतरी बापाजवळ बोललं असेल, तिने मनाला समजावलं. मग खाटेची दोरी करकरली. एकदाच, कोणी कूस बदलावी तशी. वारा तर अजिबात नव्हता.

जे सांगायला आली होती ते तिच्या तोंडून निघालं नाही. "बरोबर आहे त्याचं," एवढंच ती म्हणाली. "सात पॉइंट आठ सात पुरतील. चांगला अभ्यास करायला सांगा." आणि ती रिनाबरोबर परतीच्या जीपकडे निघाली.

सहाव्या सत्राचा निकाल जूनमध्ये लागला. त्या दिवशी दुपारभर नूतन खिडकीतून फाटकाकडे बघत बसली. डोंगरसिंग आला नाही. आठवड्याने रिनाकडून निरोप आला, दगड उभा करतोय, मॅडमनी यावं.

ती गेली. पाड्याच्या कडेला माणसं जमली होती. डोंगरसिंग आता एकदम थकलेला, खराखुरा म्हातारा दिसत होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"निकाल देखी उना तो. सात पडनात म्हणे. मंग गया. आते आवाज येत नही, मॅडम." एवढं बोलून तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. कमलीबाईने धावत येऊन त्याला कवेत घेतलं. वर्षभरात दोघं पहिल्यांदाच एकत्र रडत होती, असं रिना म्हणाली.

पाथरवट छिन्नी घेऊन थांबला होता. काय कोरायचं ते कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. सगळ्यांनी नूतनकडे पाहिलं. तिने खडू घेतला आणि दगडावर लिहिलं, ईश्वर डोंगरसिंग पावरा. कोणत्याही विद्यापीठाने दिली नव्हती ती पदवी तिने नावापुढे लिहिली, बी.एस्सी.

"खाले सात," डोंगरसिंग मागून म्हणाला.

तिने सात लिहिलं, पॉइंट दिला आणि पुढे दोन शून्यं काढली. पाथरवटाने अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून हात उचलून धरला आणि पहिला घाव घातला.