खिळे नकोत, माफी हवी

खरं सांगते, त्या दिवसांत मी सप्तशृंगी आईशीही बोलणं टाकलं होतं. सिल्वासाजवळच्या खडोलीच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली सापडून आमचे हे गेले, आणि साहेब सगळ्यांना सांगत सुटला की हात त्यांनीच नको तिथं घातला. धादांत खोटं! हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेली जाळी, काम भरभर निघावं म्हणून त्यानंच काढायला लावली होती. मी तिथंच पॅकिंगला, सगळं माहीत होतं. पण माझं ऐकतो कोण?

पुढं ती प्रेस सारखी बंद पडू लागली. बायका कुजबुजू लागल्या, यांचा जीव तिथं अडकलाय. झालं, साहेबानं मांत्रिक बोलावला. मशीनच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी खिळे ठोकून म्हणे आत्म्याला बांधून टाकायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी माणसाला दम घेऊ दिला नाही, आणि मेल्यावर खिळे ठोकता? आमच्या धुळ्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात आणि मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. मी प्रेसपुढं जाऊन उभी राहिले ती हललेच नाही.

नेमका त्याच दिवशी ही प्रेस बनवणाऱ्या कंपनीचा म्हातारा जपानी इंजिनियर दुरुस्तीला आला होता. दुभाषी बाईकडून त्यानं सगळं समजून घेतलं. मग सांगू लागला, त्यांच्या देशात फार पूर्वी साथ आली, आग लागली, की लोक म्हणत, अन्यायानं मेलेलं कुणीतरी रागावलंय. पण त्याला बांधत नसत. त्याचा गेलेला मान परत देत, देऊळ बांधत, आणि ज्या दरबारानं त्याला छळलं तोच दरबार त्याच्यापुढं वाके.

"तुमच्या नवऱ्यावर काय अन्याय झाला?" त्यानं मलाच विचारलं.

"जाळी काढली, आणि दोष यांच्यावर टाकला."

त्यानं जाळीच्या जागची रिकामी भोकं हातानं चाचपली, आणि प्रेसपुढं कमरेत वाकून बराच वेळ तसाच राहिला. मग साहेबाला बजावलं, जाळी बसत नाही आणि तू माफी मागत नाहीस, तोवर मी मशीनला हात लावणार नाही. ऑर्डर अडकली होती. लाजेनं म्हणा की गरजेनं, साहेबानं लाईनवरच्या सगळ्या कामगारांसमोर हात जोडले. "चूक आमची होती. त्यांची नव्हती."

मशीन पुढं नीट चाललं का, ते विचारायला मी गेले नाही. माझा राग गेला असंही म्हणणार नाही, का जावा? पण तो एकटीनं वाहणं मी सोडलं. दिवा लावला आणि सप्तशृंगी आईच्या पायाशी ठेवला. त्या परक्या माणसाला तिनंच धाडलं असेल, तिचं तिला ठाऊक. माझं डोकं मात्र तिच्यापुढं टेकलं.

आखाजीला सिल्वासातल्या भाड्याच्या खोलीत घागर भरली, आमरस-पुरणपोळीचं ताट वाढलं.

"साहेब सगळ्यांसमोर बोलला," मी यांना सांगितलं. "जेवा आता."