विहीणबाईंचा गोळा

माझ्या सासूबाई लाल भोपळा विकत घेताना तो आधी मानेशी लावून बघत. विजय नगरचा भाजीवाला सवयीनं दोन पावलं मागे सरकायचा आणि म्हणायचा, "अम्मा, फेंकना मत." त्या शांतपणे म्हणायच्या, "डर मत भैया, फेकूंगी तो तेरे ठेले पे नहीं, सड़क पार गिरेगा." आणि भोपळा पिशवीत टाकायच्या.

गोळाफेक त्यांनी सत्तरीच्या आसपास सुरू केली. माझ्या मुलीला पळायच्या सरावाला मैदानावर नेत आणि कट्ट्यावर बसून कंटाळत. "बसून बसून कमर धरून राहिली माझी," असं म्हणत एक दिवस त्यांनी बाजूला पडलेला गोळा उचलला. मुलीचं पळणं पुढे दहावीत सुटलं, यांचा गोळा सुटला नाही. त्या आमच्याकडेच राहत; त्यांचा स्वतःचा दोन किलोंचा गोळा आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात असायचा आणि रोज पुसला जायचा. घरातल्या बाळकृष्णाला एवढी अंघोळ मिळत नाही, असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर माझ्या चहात साखर कमी पडली.

ज्येष्ठांच्या स्पर्धेत पाच-पाच वर्षांचे गट असतात. बाकी बायका वय चोरतात, यांना मात्र वाढदिवसाची घाई. "जावईबापू, एकदा ऐंशी लागू द्या. मग गटात सगळ्यांत लहान मीच." ऐंशी लागली आणि गटात कोणी उरलंच नाही. जुन्या मैत्रिणींपैकी कोणाचे गुडघे गेले होते, कोणी स्वतःच गेल्या होत्या. एकट्यानं फेकून मिळवलेलं सुवर्णपदक त्यांनी फ्रिजवर टाकलं. "एकटीच जेवायला बसली तर पहिलं ताट आपलंच न. याला काय जिंकणं म्हणतात?" त्यानंतर चार दिवस गोळा पुसला गेला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

पाचव्या दिवशी त्या शहराच्या दुसऱ्या भागात, कांचघरला, माझ्या आईकडे गेल्या. आई त्यांच्याहून वर्षभरानं मोठी, हाडापेरानं मजबूत आणि मुलाची आई म्हणून मानाची पक्की. आमच्या लग्नात सासूबाईंनी रीतीप्रमाणे विहिणीचे पाय धुतले, ते जणू त्यानंतरही रोजच धूत आल्या. आई आली की पंख्याखालची खुर्ची तिची, पहिला घास तिचा, शेवटचा शब्दही तिचाच.

"विहीणबाई, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. आई सावरून बसली. "माझ्याविरुद्ध गोळा फेका."

"अच्छा? मी? ह्या वयात?"

"ह्याच वयात. पोरीबाळींचा गट वेगळा असते."

दोन महिने त्यांनी आईला शिकवलं, हातचं काही राखलं नाही. "जोर हातात नाही, पायात आहे, विहीणबाई." आईला हे इतकं पटलं की ती फोनवर मलाच शिकवायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी आईनं पहिलीच फेक अशी टाकली की पंचांनी चष्मा पुसला. मग सासूबाईंची पाळी आली. त्यांचा गोळा आईच्या खुणेच्या अलीकडे पडला. पुन्हा फेकला, पुन्हा अलीकडेच. वय झालं असेल, असं मला वाटलं. शेजारी बायको आणि समोर दोन्ही आया असल्यामुळे मी टाळ्या न वाजवता हात खिशात ठेवले होते.

शेवटच्या फेरीआधी आई सासूबाईंजवळ गेली. "हात आखडून राहिल्या तुम्ही. काहून?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "मुद्दाम नाही हो. तुमच्यापुढं हात आपोआपच मागं येते."

"मी इथं मान घ्यायला नाही आली. घरी भरपूर घेतला. बरोबरीनं फेका, नाही तर मी चालली कांचघरला."

सासूबाईंनी पदर घट्ट खोचला. गोळा मानेशी लावला, डोळे मिटले आणि फेकला. तो आईच्या खुणेपलीकडे गेला. मग आईनं सगळा जीव लावून फेकला, पण थोडा कमी पडला. सासूबाई तिथंच गवतावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मैदानाच्या नळावर आईनं तांब्या भरला. "पाय पुढं करा."

"अहो, हे काय भलतंच?"

"लग्नात तुम्ही माझे धुतले होते. आता माझी पाळी."

सासूबाईंनी जरा आढेवेढे घेतले आणि मग धुळीनं भरलेले दोन्ही पाय पुढे केले. आईनं ते टाचांपासून बोटांपर्यंत धुतले आणि पदरानं पुसले. मी आणि बायको दुसरीकडे बघत राहिलो.

पुढची प्रत्येक स्पर्धा दोघी भांडल्यासारख्या लढल्या. कधी ही जिंकायची, कधी ती. गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः मंडईत. गोळा आता आईच्या देवघरात आहे आणि रोज पुसला जातो. यंदा गटात आई एकटीच होती. सुवर्णपदक फ्रिजवर टाकून ती मला म्हणाली, "कोणीतरी शोध बाबा."

म्हणून मी सध्या पार महाराजपुरापर्यंत हिंडून जोड शोधतो आहे. तुमच्या पाहण्यात कोणी दणकट आजी असतील तर सांगा. नात्यातल्या असल्या तरी चालतील, फक्त हात आखडणाऱ्या नकोत.